उन्हाळ्यात कचेरी गार ठेवण्याची शास्त्रोक्त रीत

वाशीम जिल्ह्यातल्या कचेरीत मे महिना सुखाने काढायचा असेल, तर आधी कूलरचा स्वभाव समजून घ्यावा. पारा बेचाळिशी ओलांडतो खरा, पण हवा कोरडी असते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता शोषून घेतं. म्हणून मुंबईच्या दमट हवेत निकामी ठरणारा कूलर मानोरा-मंगरूळपीरकडे मान राखून आहे. त्याची अट एकच: ओली झालेली हवा बाहेर जायला वाट हवी. दारं-खिडक्या लावून तो सुरू केला, तर तासाभरात फायलींचे कागद एकमेकांना चिकटतात आणि माणसं खुर्चीला. तेव्हा दार उघडं ठेवावं.

दार उघडं ठेवलं की लोक आत येतात, हा या शास्त्रातला अवघड भाग. येतातही नेमके याच दिवसांत: पेरणीआधी पीककर्जासाठी सातबारा हवा असतो, निकाल लागले की पोरांसाठी उत्पन्नाचे नि जातीचे दाखले. आता हिशेब पाहा. शांत बसलेलं माणूस सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकतं. भांडणारं अर्थातच जास्त. टेबलाभोवती दहाजण ताटकळले, म्हणजे कचेरीने स्वखर्चाने एक किलोवॅटचा हीटर लावला. तो तासभर चालला तर त्याची उष्णता शोषायला कूलरला सुमारे दीड लिटर पाणी उडवावं लागतं, तेही पाणी जपून वापरायच्या दिवसांत. यातून निष्कर्ष निघतो तो असा, की आलेल्या माणसाचं काम करून त्याला लगेच घरी पाठवावं. याचा जनसेवेशी काहीही संबंध नाही, याची आस्थापना शाखेने नोंद घ्यावी.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील, ‘उद्या या’ म्हटलं तरी माणूस बाहेर जातोच की. जातो, पण उद्या येतो. रिसोडच्या पलीकडून एसटीने, उन्हात तापून, आणि सोबत जाणकार म्हणून साळ्याला घेऊन. तिसऱ्या खेपेला पुढारी आणतो, आणि पुढारी एकटा कधी येत नाही. एका फेरफारापायी सात-आठशे वॅट! दुसरा आक्षेप असा, की कामं लवकर होतात हे कळलं तर गर्दी वाढेल. पण हौस म्हणून कोणी उत्पन्नाचा दाखला काढत नाही. गरजेपुरतीच माणसं येणार. शिवाय 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदती ठरवून दिल्या आहेत आणि विनाकारण उशीर केल्यास 500 ते 5000 रुपये दंड आहे. तेवढ्यात कूलरला नव्या ताट्या बसतात. वेळेचं म्हणाल, तर 29 फेब्रुवारी 2020 पासून कचेरी पावणेदहाला उघडते. दिवसातला त्यातल्या त्यात गार वेळ हाच, आणि साडेअकराला येणाऱ्याच्या तो वाट्याला येत नाही.

उरतो साहेबांच्या खोलीचा प्रश्न. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. उन्हाळ्यासाठी याहून चांगलं केबिन कोणाला मिळालं असेल? त्याने ते भिक्षूंना देऊन टाकलं. आता साहेबांच्या खोलीत एसी असतो. एसीला दार बंद लागतं, त्यामुळे बाहेर किती वॅट जमलेत ते साहेबांना कळत नाही. फाईल सहीसाठी आत जाते आणि गारव्यात रमते; तिच्यासाठी खोळंबलेले लोक व्हरांड्यात उभे राहतात, जिथे त्याच एसीचं मागचं यंत्र गरम हवा फेकत असतं. म्हणजे एकाच सहीपायी कचेरी दोन्हीकडून तापते. यावर उपाय साधा आणि पूर्णपणे नियमात बसणारा आहे. मार्चअखेरीस तो एसी दुरुस्तीला काढावा, रीतसर तीन दरपत्रकं मागवावीत, तुलनात्मक तक्ता करावा आणि मंजुरीसाठी वर पाठवावा. मृग लागेपर्यंत तो परत येत नाही.