पहिली बंदूक घेताना

चेन्नईत नंगनल्लूरला राहणारे आमचे एक स्नेही, मूळचे साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांना बंदूक घ्यावीशी वाटू लागली. गुडघे बदलून झाले, काशी झाली, आता एवढंच राहिलं होतं. ‘पहिलीच घेतोय, कोणती बरी?’ त्यांनी मला विचारलं. मी टिकल्यांच्या पिस्तुलापुढे कधी गेलेलो नाही, त्यामुळे सल्ला द्यायला पूर्ण लायक.

मी म्हटलं, आधी या शहराचा पूर्वानुभव बघा. 1744 साली इथे उतरलेला कंपनीचा एक कारकून आयुष्याला इतका कंटाळला की त्याने स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावलं. दोनदा चाप ओढला, दोनदा फुसका बार, अशी कथा सांगतात. कारकुनाचं नाव रॉबर्ट क्लाइव्ह. त्या पिस्तुलाची वेळेवर साफसफाई झाली असती तर प्लासीला कोण गेलं असतं कोण जाणे. दुसरं हत्यार मात्र व्यवस्थित उडालं. 12 जानेवारी 1967 रोजी नट एम. आर. राधा यांनी नट-नेते एम. जी. रामचंद्रन यांच्यावर त्यांच्याच घरी गोळी झाडली आणि मग स्वतःवरही झाडून घेतली. दोघेही वाचले! गळ्याला पट्ट्या बांधलेल्या एमजीआरांचा फोटो भिंतीभिंतीवर लागला, ते इस्पितळात पडल्या पडल्या आमदार झाले आणि पुढे 1977 साली मुख्यमंत्रीही. राधांना तुरुंग मिळाला. म्हणजे उडो वा न उडो, या गावात बंदूक धन्याच्या मनासारखं काही करत नाही.

स्नेही म्हणाले, ‘तुम्ही इतिहास सांगू नका, मॉडेल सांगा.’

मॉडेल सांगायला फार काही नाही, कारण निवड सरकारने आधीच करून ठेवली आहे. सिनेमातला नायक वापरतो ते 9 मिमीचं पिस्तूल तुम्हा-आम्हाला निषिद्ध. परदेशी मालाची आयात 1980च्या दशकापासून बंद, त्यामुळे कुणाच्या तरी आजोबांची जुनी वेब्ली आज मोटारीच्या भावाने मागतात. उरतं मुख्यतः कानपूरचं सरकारी .32 रिव्हॉल्व्हर. याचा चाप जड, ही जुनी तक्रार. पण रागाच्या भरात माणसाला विचार करायला तेवढाच वेळ मिळतो, हा त्याचा गुणच म्हणायचा. त्याच कारखान्याच्या घराण्यातलं ‘निर्भीक’ 2014 साली आलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास, नाव निर्भयावरून, गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर स्त्रिया. बसने घरी जाणाऱ्या मुलीने सव्वा लाख जमवावेत, पोलिसांना धोका पटवावा आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी हे ठेवावं. बस वेळेवर सोडणं त्यापेक्षा अवघड असणार.

बारा बोरची दुनळी स्वस्त आणि रुबाबदार. पुतण्याच्या लग्नात वरातीपुढे एक बार काढायचा, असं स्नेह्यांचं स्वप्न होतं. 2019च्या दुरुस्तीने त्या एका बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय, हे सांगितल्यावर ते बँडवाल्यांवर आले.

खरी परीक्षा वेपेरीला, पोलीस आयुक्तालयात. तिथे बंदुकीचा विषय शेवटी निघतो. आधी अर्ज, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि मुख्य प्रश्न: कोणापासून धोका आहे? स्नेही रात्रभर आठवत बसले. भाऊबंदकी साताऱ्यात राहिली. चेन्नईत त्यांच्या घरात विनापरवानगी फक्त पाणी शिरलं आहे, 2015 साली आणि पुन्हा 2023च्या डिसेंबरात. पाण्यावर बारा बोर चालत नाही. शत्रू म्हणून घरमालकाचं नाव लिहावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण भाडेकरार मार्चमध्ये संपतो.

मी धीर दिला. म्हटलं, आपल्या माणसाला इथे नकार नवा नाही. 1677 साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे औषधं आणि विषावरचे उतारे मागितले, ते नजराणा म्हणून आले. पुढे इंजिनिअर मागितले, तेव्हा गोड शब्दांत कानांवर हात ठेवले गेले. तुम्हालाही निदान चहा मिळेल.

समजा, मिळाला परवाना. इथली खारी हवा खिडकीच्या गजांना सोडत नाही, ती नळीला काय सोडणार? वहिनींनी आत्ताच बजावलंय की नळी पुसायला डोशाच्या तिळाच्या तेलाला हात लावायचा नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार बहुधा पोलीस ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची, निकालानंतर सोडवून आणायचं. बंदूक साताऱ्याला न्यायची तर परवान्यावर हद्द कुठवरची लिहिली आहे ते बघा. नाहीतर नातेवाइकांना दाखवायला पावतीच न्यावी लागेल.

छऱ्याची साधी .177 बंदूक घ्या, ठरलेल्या ताकदीच्या आतली असेल तर परवानाही नको, हा माझा शेवटचा सल्ला त्यांनी अपमान समजून बाजूला सारला. अर्ज गेला आहे. मधल्या काळात हमी दिल्याप्रमाणे बंदुकीसाठी पोलादी कपाट आलं, कपाटासाठी कॅमेरा आला. परवा फोन आला: कपाट इतकं भारी दिसतं की चोरांचं लक्ष जाईल, तेव्हा रात्रीचा रखवालदार ठेवायचाय. ओळखीत कुणी आहे का? फक्त त्याच्याकडे स्वतःची बंदूक हवी.