स्क्रीनशॉटकर

स्क्रीनशॉटकर हा समाजमाध्यमांवर बारमाही आढळतो. इतरांचा दुटप्पीपणा उघडा पाडणे हे त्याचे जीवितकार्य असून नोकरी आणि संसार तो फावल्या वेळात उरकतो. डावा, उजवा आणि 'मी कुठल्याच पक्षाचा नाही' म्हणणारा, असे त्याचे तीन प्रकार आहेत. तिसरा सर्वांत चिवट.

फोनची गॅलरी हे त्याचे भांडवल. तीत घरच्यांचे फोटो थोडे आणि परक्यांची जुनी विधाने फार. कुणी 'फटाके टाळा' असे लिहिले, की तो त्या गृहस्थाच्या लग्नाच्या वरातीचा फोटो शोधतो, पायाशी पेटलेल्या माळेभोवती लाल वर्तुळ काढतो आणि खाली दोनच शब्द लिहितो : 'हे काय?' शेजारी हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी. 'तेव्हा कुठे होतात?', 'सोयीस्कर मौन', 'डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय' ही त्याची नित्याची वाक्ये. फुरोगामी, अंधभक्त, चमचा या पदव्या तो पक्ष पाहून वाटतो.

ट्वीट कोणत्या अ‍ॅपमधून केले हे पूर्वी ट्विटर खालीच छापत असे. तो या जमातीचा सुवर्णकाळ. 2019च्या नववर्षाच्या शुभेच्छा हुआवे या चिनी कंपनीच्या अधिकृत खात्यावरून गेल्या आणि खाली 'ट्विटर फॉर आयफोन' असे उमटले. 2022च्या अखेरीस ही सोय बंद झाली आणि स्क्रीनशॉटकराचे काम वाढले.

त्याची पद्धत एका बाबतीत अपुरी पडते. वरातीत माळ लावणारा दुटप्पी ठरला, तरी धूर अपायकारकच राहतो. सांगणाऱ्याचे वर्तन दाखवून सांगणे खोटे ठरत नाही, हे तर्कशास्त्र फार पूर्वीपासून सांगते. पण मूळ मुद्द्यापर्यंत जाण्याइतकी सवड स्क्रीनशॉटकराला नसते. तोवर पुढचे गिऱ्हाईक आलेले असते.

कधीतरी त्याचेच जुने ट्वीट बाहेर निघते. अशा वेळी तो प्रथम 'संदर्भ सोडून घेतलंय' म्हणतो, मग 'अकाउंट हॅक झालं होतं' म्हणतो आणि शेवटी विचारतो, 'माणसाचं मत बदलू नये का?' हा प्रश्न रास्त आहे. तो इतरांनाही लागू केला, तर गॅलरी निम्मी रिकामी होईल. म्हणून ही सवलत तो घरच्या वापरापुरतीच ठेवतो.