आपोआप उतरणारा अंक

पनवेलात आपोआप होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे जागेचे भाव वाढणं. विमानतळ येणार म्हणून ते आधी वाढले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा तो आला म्हणून वाढले. बाकी सगळ्याला कुणाचा तरी हात लागतो. तरीही आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना दिवाळी अंक आपोआप हवा होता.

मंडळाचं नाव सांगत नाही, कारण अर्धी कार्यकारिणी माझ्याच इमारतीत राहते. छापील अंक परवडत नाही, हे आम्ही चहा-बिस्किटांवर भरपूर खर्च करून मान्य केलं होतं. कागद महाग, छपाई महाग, आणि अंक घरोघर वाटणारी जी तरुण मंडळी होती त्यांची आता गुडघ्याची ऑपरेशनं झाली आहेत. तेव्हा ठरलं की अंक पीडीएफमध्ये काढायचा आणि वर्गणीदारांना ईमेलने धाडायचा. यात नवीन काही नाही. ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान कित्येक वर्षं मराठी पुस्तकांच्या पीडीएफ वाचकांना फुकट पुरवतंय. पण आमचे अध्यक्ष नुकतेच मुलाकडे न्यू जर्सीला राहून आले होते आणि तिथे त्यांनी एक मेल पाहिला होता. त्यात एक निळं बटण होतं. दाबलं, की फाइल थेट मशीनमध्ये.

"मध्ये काही म्हणजे काही नाही!" अध्यक्ष म्हणाले. "पान उघडणं नाही, लॉगिन नाही, परवानगी मागणं नाही. आपल्या वर्गणीदाराला तसदी पडता कामा नये. अंक आपोआप उतरला पाहिजे."

चिटणीसांनी इतिवृत्तात 'आपोआप' शब्दाखाली रेघ ओढली आणि पुढे जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव घातलं. माझी पात्रता एवढीच, की पूर्वी कधीतरी मी अध्यक्षांच्या फोनचा गेलेला आवाज परत आणून दिला होता.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही सगळी परंपरा सुरू केली. त्यांना लेख मिळवायचे होते, चित्रं मिळवायची होती, जाहिराती मिळवायच्या होत्या; पण वर्गणीदाराच्या दारापर्यंत अंक नेणं हे टपालखात्याचं काम होतं. वर्गणीदाराला पिशवी कशी उघडायची हे त्यांना फोनवर समजवावं लागलं नसणार. आमच्याकडे टपालखातं होतं ते एका माणसापुरतं. टपाल नाक्याजवळ राहणारे एक निवृत्त पोस्टमास्तर मंडळाचे जुने सभासद. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. वर्गणीदारांची यादी त्यांनी स्वतःहून ताब्यात घेतली.

ती यादी लांब वहीत, निळ्या शाईत होती. 'ईमेल' या रकान्यात काहींनी मोबाइल नंबर दिला होता, काहींनी नातवाचं नाव. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'पूर्वीचाच'. एका काकूंनी 'विश्राळे तलावासमोर, दुसरा मजला' असं लिहून पुढे प्रामाणिकपणे 'लिफ्ट नाही' अशी पुस्ती जोडली होती. मास्तरांनी सगळ्यांना फोन करकरून 'ॲट द रेट'च्या अलीकडचं काय आणि पलीकडचं काय ते लिहून घेतलं. अर्धवट पत्त्याचं पत्र परत पाठवायची त्यांना नोकरीभर मुभा होती, पण ती कधी वापरली नाही, असं ते म्हणाले.

अंक तयार झाला तेव्हा ३८ एमबीचा भरला. साहित्य त्यात फार नव्हतं, बिल्डर होते. त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत मावळता सूर्य, पोहण्याचा तलाव आणि 'विमानतळापासून फक्त दहा मिनिटं'. जीमेलमधून जोडून पाठवायच्या फाइलची मर्यादा २५ एमबी. म्हणजे मेलला अंक जोडून देण्याचा विषय तिथेच मिटला. एवढं ओझं शेकडो लोकांना एकदम पाठवलं तर बहुतेकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं, हेही आहेच.

मेलला फाइल जोडायची सध्याची पद्धत ज्यांच्यामुळे आली त्यांतले एक नॅथॅनिएल बोरेनस्टीन. ११ मार्च १९९२ ला त्यांनी आपल्या चार जणांच्या गायनमंडळीचा फोटो आणि गाण्याचा तुकडा जोडून मेल पाठवला. मेलमधून चित्रं कशाला हवीत, असं लोक त्यांना विचारत. ते म्हणत, उद्या मला नातवंडं होतील, त्यांचे फोटो मला मेलवर मिळायला हवेत. हे मी सभेत सांगितल्यावर खजिनदारांनी विचारलं, "मग मिळाले का?" पनवेलच्या आजीआजोबांना ते हल्ली व्हॉट्सॲपवर मिळतात आणि त्यामुळेच त्यांच्या फोनमध्ये आमच्या अंकाला जागा नसते, हा भाग पुढे येईल.

तर लिंक पाठवायची. अंक क्लाउडवर चढवला आणि लिंक चाचणीसाठी कार्यकारिणीला धाडली. सगळ्यांना अंक दिसला. कुणालाच मिळाला नाही. "दिसतोय हो, पण हातात येत नाही," अशी तक्रार घेऊन चिटणीस वर आले. अशा लिंका मुळात दाखवण्यासाठीच असतात. तिथून पुढे बाणाचं चिन्ह शोधून उतरवून घ्यायचं. त्याला पळवाटा आहेत. ड्रॉपबॉक्सच्या लिंकच्या शेपटीला 'डीएल बरोबर शून्य' असतं, तिथे शून्याचा एक केला की फाइल दाखवत न बसता उतरायला लागते. गूगल ड्राइव्हच्या लिंकमध्येही असा बदल करता येतो, मात्र फाइल १०० एमबीच्या वर गेली की ते मध्येच थांबवतं आणि ही एवढी मोठी फाइल व्हायरससाठी तपासता आली नाही, असं सांगतं. आमच्या वर्गणीदाराला तुम्ही 'व्हायरस' शब्द दाखवला की तो फोन बंद करून देवघरात ठेवतो.

शेवटी महाप्यात नोकरी करणाऱ्या भाच्याला बोलावलं. तो पोहे खाता खाता म्हणाला, "मामा, मंडळाची वेबसाइट आहे ना? तिथे फाइल ठेव. लिंकच्या टॅगमध्ये 'डाउनलोड' एवढा एक शब्द घाल. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. पण फाइल आणि लिंक एकाच साइटवर हवी. फाइल दुसरीकडे असेल तर ब्राउझर तो शब्द वाचतच नाही. आणि तुझी लिंक तर मेलमध्ये असणार. मग सर्व्हरलाच सांगून ठेवायला लागेल."

सर्व्हर फाइल पाठवताना सोबत एक चिठ्ठी देतो. तिच्यावर 'इनलाइन' असेल तर ब्राउझर पीडीएफ तिथेच उघडून दाखवतो, 'अटॅचमेंट' असेल तर उतरवून ठेवतो. वाचनालयात कोश तिथेच बसून चाळायचा आणि कादंबरी घरी न्यायची, तसलाच हा शिक्का. त्याला 'कंटेंट-डिस्पोझिशन' म्हणतात. गंमत अशी, की तो १९९५ साली ठरला तेव्हा ईमेलसाठी ठरला होता. वेबने तो नंतर उचलला. हे ऐकून मास्तर खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे शिक्का आमच्या खात्याचाच!"

अध्यक्षांचं मात्र समाधान नव्हतं. आता त्यांना बटणही नको होतं. मेल उघडला की अंक उतरला पाहिजे. भाच्याने सांगितलं की मेलमध्ये स्क्रिप्ट चालत नाही, मेलवाले ती काढून टाकतात, आणि काढतात तेच बरं. या एका बाबतीत मी भाच्याच्या पूर्ण बाजूने आहे. न मागता उतरणारी फाइल हा मुळात चोरांचा धंदा. लग्नपत्रिका म्हणून, वाहनाच्या दंडाचं चलान म्हणून जी एपीके फाइल फोनवर येते ती उघडली की खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. मग सायबर फसवणुकीचा १९३० नंबर फिरवत बसायचं. तेव्हा आपल्या लिंकवर 'येथे क्लिक करा' असं मोघम लिहू नये. काय आहे, कसली फाइल आहे, केवढी आहे, हे स्वच्छ लिहावं. मी लिहिलं: 'दिवाळी अंक, पीडीएफ, ९ एमबी'. हो, ९. बिल्डरांचे सूर्य दाबून दाबून तेवढ्यावर आणले. जाहिरात देणाऱ्या सराफांनी तेवढी तक्रार केली की हारातले मोती आता मोजता येत नाहीत.

मग नावाचा घोळ. फाइलचं नाव अर्थातच 'दिवाळी अंक' होतं. चाचणीत चिटणीसांच्या संगणकावर ती उतरली ती 'टक्का ई शून्य टक्का ए चार टक्का ए सहा' अशी सुरुवात करून पुढे चालतच राहिली. देवनागरीतलं एकेक अक्षर, एकेक काना, एकेक वेलांटी लिंकमध्ये जाताना नऊ-नऊ रोमन चिन्हांची होते. 'दिवाळी अंक' हे नाव मधल्या जागेसकट ८४ चिन्हांचं भरतं. "नाव इंग्रजीत ठेव," भाचा म्हणाला. खजिनदार म्हणाले, "मराठी अंकाचं नाव इंग्रजीत? त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल." सर्वसाधारण सभा म्हटल्यावर भाच्याने निमूटपणे चिठ्ठीत नाव युनिकोडमध्ये लिहायची सोय शोधून काढली. ती आधीपासूनच होती.

वसुबारसेला मेल गेले. संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले.

"काही होत नाही हो."

होत होतं. अगदी अध्यक्षांना हवं तसं होत होतं. बटण दाबल्यावर पान उघडत नव्हतं, काही विचारलं जात नव्हतं. अंक गुपचूप उतरून डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जाऊन बसत होता. काही दिसलं नाही म्हणून माणसं पुन्हा दाबत होती. तलावासमोरच्या काकूंकडे मी स्वतः गेलो. त्यांनी चष्मा लावून फोन माझ्या हातात दिला. डाउनलोड्समध्ये दोन निमंत्रणपत्रिका, गॅसचं बिल, सत्यनारायणाच्या पूजेची यादी, डिजिटल सहीचा सातबारा, आणि त्याखाली 'दिवाळी अंक', 'दिवाळी अंक (१)', 'दिवाळी अंक (२)', असं करत '(११)' पर्यंत.

"तुमचा अंक आल्यापासून फोन जड झालाय," काकू म्हणाल्या. "नातीचा व्हिडिओ येईना. शेवटी जागा करायला मी ते सातबाऱ्याचं काढून टाकणार होते."

पनवेलात सातबारा काढून टाकणारं माणूस! मी घाईघाईने आमचेच अंक काढून टाकले.

खरा प्रसंग पुढेच होता. बिनवर्गणीच्या लोकांनी लिंक पुढे ढकलू नये म्हणून खजिनदारांच्या आग्रहाने काही वर्गणीदारांना एकदाच चालणाऱ्या लिंका दिल्या होत्या. त्यातले एक गृहस्थ मोठ्या कंपनीत आहेत आणि त्यांनी पत्ता कंपनीतला दिला होता. त्यांनी बटण दाबलं तर संदेश आला, 'आपण हा अंक आधीच घेतला आहे.' ते थेट खजिनदारांच्या घरी आले. "वर्गणी मी भरली. अंक कुणी नेला?"

भाच्याने छडा लावला. मोठ्या कंपन्यांत येणारा प्रत्येक मेल आधी एक सुरक्षायंत्रणा तपासते, त्यातल्या लिंका स्वतः उघडून पाहते, आणि धोका नसेल तरच मेल माणसापर्यंत सोडते. त्या यंत्रणेने आमची एकदाच चालणारी लिंक एकदा चालवली होती. म्हणजे अंक तिने नेला होता. कार्यकारिणीत यावर बराच वेळ शांतता होती. मग चिटणीस म्हणाले की अध्यक्षांचं मनोगत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कुणी तपासून पाहिलं असेल तर ते त्या यंत्रणेनेच, आणि तिला त्यात काहीही सापडलं नाही.

अध्यक्षांनी हे वाक्य इतिवृत्तातून वगळायला लावलं.

यावर उपाय म्हणजे मधलं पान. मेलमधली लिंक आधी एका पानावर नेते, तिथे मुखपृष्ठ दिसतं, 'इथेच वाचा' आणि 'उतरवून घ्या' अशी दोन बटणं दिसतात, आणि माणसाने दुसरं बटण दाबलं की मगच लिंक वापरली गेली असं धरायचं. अध्यक्षांना जी तसदी टाळायची होती ती अशी पाठच्या दाराने परत आली. मी तिचं स्वागत केलं. पानावर खाली ते सुप्रसिद्ध वाक्यही घातलं: 'डाउनलोड आपोआप सुरू होईल, न झाल्यास येथे क्लिक करा.' ज्याने ते पहिल्यांदा लिहिलं त्याने कुठल्यातरी मंडळाचं काम केलेलं असणार.

आणि या सगळ्याच्या वर मास्तर. लिंक चालते की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. वाटप पुरं झालं की नाही एवढंच त्यांना कळत होतं. रोज सकाळी दहा वाजता ते वही उघडत आणि एकेकाला फोन लावत. "आपला अंक आपल्या फोनमध्ये येऊन पडलेला आहे. 'फाइल्स' उघडा. 'डाउनलोड्स'वर टिचकी मारा. आता वर करा. वर म्हणजे फोन वर नव्हे, बोट." पलीकडून अंक सापडल्याचं ऐकल्याशिवाय ते खूण करत नसत. दिवाळी संपून तुळशीचं लग्न आलं तरी हे चालू होतं.

वार्षिक सभेत त्यांनी वही वाचून दाखवली. शेरे असे होते: 'मिळाला.' 'मिळाला, उघडला नाही.' 'मिळाला, चष्मा बदलल्यावर पाहू म्हणाले.' 'सूनबाईंच्या फोनवर मिळाला, मागण्याची सोय नाही.' 'मिळाला, छापील कधी येणार विचारतात.' अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून म्हणाले, की उतरण्याचा प्रश्न सुटलेला दिसतो, आता वाचण्याची तसदीही वर्गणीदाराला नको. पुढच्या वर्षी बटण दाबलं की अंक आपोआप मोठ्याने वाचला जाईल अशी लिंक तयार करावी. अनुमोदनासाठी चार हात वर झाले. चिटणीसांनी माझं नाव लिहायला घेतलं.

मास्तरांनी पेन वर केलं. "ऐकता ऐकता झोप लागली, तर मिळाला म्हणून लिहायचं की नाही, तेवढं आजच ठरवून द्या."