किलोच्या भावातली सायकल

गोंदिया जिल्ह्याचं प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांची वाट ठरलेली असते: नागझिरा, नवेगावबांध, हाजरा फॉल, कचारगड. तिथे जायला पैसे लागतात आणि येताना हाती फोटोंपलीकडे काही नसतं. फुलचूरहून गोंदियातल्या कबाड्याकडे जाण्याचं तसं नाही. जनगणनेने शहरात मोजलेलं आणि कारभाराने ग्रामपंचायत राहिलेलं हे गाव गोंदियाला इतकं खेटून आहे, की ते कधी मागे पडलं हे दुकानांच्या पाट्या वाचूनच कळतं. घाट नाही, चढ नाही, सगळा धानाच्या पट्ट्यातला सपाट मुलूख. प्रेक्षणीय स्थळ म्हणजे पत्र्याचं कुंपण. आत राइस मिलचे गंजके पट्टे, कूलरच्या जाळ्या आणि मागच्या कोपऱ्यात एकमेकींच्या आऱ्यांत पायडलं अडकवून पडलेल्या सायकली. स्वस्त सायकल हवी असेल तर इथे जरूर यावं. फक्त चांगली दिसणारी सायकल घेऊ नये.

याचं कारण तराजूत आहे. डबल बारची काळी सायकल वीसेक किलो भरते. लोखंडाचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर अख्खी सायकल ६०० रुपयांची. आता कबाडी काही भोळा नसतो. जिच्यावर टांग टाकून लगेच निघता येईल अशी सायकल तो तराजूवर चढवतच नाही. ती भिंतीला टेकवतो, तिच्यावरून फडकं फिरवतो आणि भाव सांगतो तो गिऱ्हाइकाच्या चपलांकडे बघून. वजनाने जाते ती ठोकलेली, चेपलेली, कुणाला बघवत नाही अशी. पण सायकल बहुधा समोरून आपटते. चिमटा मागे जातो, पुढच्या रिमचा आठ होतो, हँडलच्या नळीमागे फ्रेमला सुरकुती पडते. मागचा हब, क्रँक, कॅरिअर, स्टँड यांना मात्र या अपघाताची खबरही नसते. म्हणून एक समोरून ठोकलेली आणि एक मागच्या चाकावरून गाडी गेलेली, अशा दोन कुरूप सायकली घ्याव्यात. बाराशेत एक धड सायकल उभी राहते आणि उरलेलं लोखंड परत त्याच तराजूवर घालता येतं. घंटाभरात भाव का उतरला, हे तेव्हा विचारायचं नसतं.

दोन सायकलींची एक होते, कारण काळ्या सायकलीने माप सोडलेलं नाही. याच गोंदियातून जबलपूरला सातपुड्यातून अडीच फुटी रुळांवर छोटी गाडी जायची. रूळ रुंद झाले आणि त्या मापाचं इंजिन, डबे, चाकं यांना पुढे दोनच वाटा उरल्या, संग्रहालय किंवा भंगार. सायकलीच्या २८ x १½ या टायरचं रिमवर बसण्याचं माप मात्र अजून ६३५ मिलिमीटरच आहे. आजोबांच्या रिमवर नातवाचा टायर बसतो. ‘अ‍ॅटलस’ने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन साधून. तरी अ‍ॅटलसवाले काही पायी फिरायला लागले नाहीत. लुधियानाचा माल त्यांच्या सायकलीत मुकाट्याने बसतो.

यावर कुणी म्हणेल, काळी सायकल हवी आहे कुणाला? पोरांना जाड टायरची, गियरची पाहिजे. खरं आहे, आणि तिथे माझा सिद्धांत लंगडतो. सव्वीस इंची म्हणून मिळणाऱ्या रिममध्ये एक ५९० मिलिमीटरची असते, एक ५५९ ची. टायरच्या कडेवरचा आकडा न वाचता घेतली तर ती भिंतीवर टांगण्याच्याच कामाची. दुसरा आक्षेप जिवाचा. चिमटा, ब्रेकचे गुटके, तार आणि टायर भंगारातून घेऊ नयेत. छर्रेही नवेच भरावेत, त्यांची किंमत ती काय! हे धरूनही जोडकाम नव्या सायकलीपेक्षा खूप खाली राहतं, फक्त मजुरी स्वतःची असावी लागते. त्यातही डावं पायडल उलट आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे भोवती जमलेल्या सल्लागारांपैकी एकालाही माहीत नसतं, आणि पाना त्यांच्याच हातात असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: माल चोरीचा निघाला तर? जाणूनबुजून असा माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि ‘स्वस्त मिळाली’ हा काही बचाव नव्हे. फ्रेमचा नंबर सीटखालच्या सांध्यावर किंवा क्रँकच्या नळीखाली ठोकलेला असतो. तो कानस मारून पुसलेला असेल तर ती सायकल फुकटसुद्धा महाग. नंबर शाबूत असेल तर कागदावर उतरवून कबाड्याची सही मागावी. तो सही देतो की विषय बदलतो, एवढ्यावरून पुष्कळ कळतं. इथेही कुरूप सायकलच बरी, कारण आठ झालेली रिम चोरायला कुणी रात्र जागवत नाही.

राहिला परतीचा प्रवास. रिक्षावाला भाडं माणशी घेतो. दोन चाकं, एक फ्रेम आणि पोतंभर नटबोल्ट म्हणजे किती माणसं, याचा दर कुठेच लिहिलेला नसल्याने ही वाटाघाट कबाड्याशी झालेल्या वाटाघाटीपेक्षा लांबते; आणि तिच्यात रिक्षातले आधीचे प्रवासी रिक्षावाल्याच्या बाजूने बोलतात.