खुलासा छापा

सकाळी पावणेसातला फोन वाजला आणि पलीकडून 'पत्रकारसाहेब' अशी हाक आली, की समजावं काल अण्णांचा संघ हरला. जिंकला असता तर मी 'भावा' असतो, आणि फोनही रात्रीच येऊन गेला असता.

अण्णा आमच्या कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचे सेक्रेटरी. कुठल्या ते सांगत नाही. मला याच गावात राहायचंय. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनीच इथं फुटबॉलचे संघ उभे केले. त्यामुळे इथल्या संघाला पेठेची ईर्षा असते आणि सेक्रेटरीला पैलवानाचा आव. अण्णा स्वतः ना कधी लाल मातीत उतरले, ना मैदानात. पण शाहू स्टेडियमवर खेळ सुरू झाला की पहिली शिट्टी पंचाची आणि दुसरी अण्णांची.

पोरं घडवायला कोच आहे, पैशाला देणगीदार आहेत, आरडाओरड्याला अख्खी पेठ आहे. अण्णांच्या वाट्याला उरलं ते लेटरहेड. वर मारुती, दोन्ही कडांना मार्गदर्शकांचे फोटो, खाली आधारस्तंभांची नावं. मजकुराला जागा चार बोटं. तेवढ्यात अण्णा 'काही अपप्रवृत्ती', 'हेतुपुरस्सर बदनामी' आणि 'जशास तसे उत्तर' हे सगळं बसवतात. वर गोल शिक्का मारतात, तो नेमका अपप्रवृत्तीवर बसतो.

गेल्या मोसमात त्यांचा संघ ५-० असा हरला. मी चार ओळी लिहिल्या, त्यातली एक : 'बचावफळी ढिसाळ होती.' पावणेसातला फोन.

"पत्रकारसाहेब, ढिसाळ म्हंजे काय वो? तुमी कधी पायात बूट घातलाय का?"

"रोजच घालतो, अण्णा."

"फुटबॉलचा म्हणतोय मी! खुलासा धाडतोय. हाय तसा छापायचा. काना-मात्रा बदलायची न्हाई."

खुलासा आला. पहिलं वाक्य : 'आमच्या संघाचा पराभव झाला नसून प्रतिस्पर्धी संघाचा विजय झाला आहे.' यावर कुणाचंही दुमत असायचं कारण नव्हतं. पुढचं वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. 'पाच गोलांचा गवगवा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, त्यातील पाचवा गोल आमच्याच खेळाडूने केलेला असून त्यात प्रतिस्पर्ध्यांचे काडीचेही कर्तृत्व नाही.'

आता खरं सांगायचं तर पाचवा गोल झाला तेव्हा मी चहाला उठलो होतो. आकडा तेवढा शेजाऱ्याला विचारून घेतला होता. स्वयंगोलाची भानगड माझ्या बातमीत नव्हतीच. ती अण्णांनी सहीशिक्क्यानिशी पुरवली. सांगितल्याप्रमाणे काना-मात्रा न बदलता छापली. त्या पोराला पुढे दोन महिने पेठेत चहाच्या गाड्यावर उभं राहता आलं नाही.

"सेक्रेटरीनं तोंडावर उत्तर द्यायला पायजे," हे अण्णांचं तत्त्वज्ञान. त्यांना आधार आहे तो थेट क्रिकेट बोर्डाचा. "लेलेसाहेबांनी न्हाई बोलून दाखवलं?" जयवंत लेले, बडोद्याचे, क्रिकेट बोर्डाचे तेव्हाचे सचिव. १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याआधी आपला संघ तिथं ३-० हरणार असं त्यांनी सांगून टाकल्याचं छापून आलं आणि गदारोळ झाला. कर्णधार सचिन तेंडुलकर. ॲडलेड, मेलबर्न, सिडनी : तिन्ही कसोट्या गेल्या. भाकीत चुकलं असतं तर लोक विसरले असते. खरं ठरलं, म्हणून आज पंचवीस वर्षांनीही त्यांचं नाव निघालं की आधी तो आकडा निघतो.

मी अण्णांना म्हटलं, लेले आपल्या संघाबद्दल बोलले, तुम्ही माझ्या बुटाबद्दल बोलता. त्यावर त्यांनी पानाची पिंक टाकली आणि विषय लखनौला नेला. ८ मे २०२४, आयपीएलचा सामना. हैदराबादनं लखनौचं १६६ धावांचं आव्हान ९.४ षटकांत, एकही गडी न गमावता उडवलं, आणि संघमालक संजीव गोयंका मैदानाच्या कडेला कर्णधार के. एल. राहुलला हातवारे करत काय काय सुनावताना साऱ्या देशानं पाहिले. आवाज कुणालाच आला नाही. तरी प्रत्येकाला सगळं ऐकू आलं. "मालकानं इचारायचं न्हाई तर कुणी?" अण्णा म्हणाले. त्याच मालकानं आठवडाभरात कर्णधाराला घरी जेवायला बोलावलं आणि मिठी मारतानाचा फोटो सगळीकडे झळकला, हा उत्तरार्ध ते सांगत नाहीत.

तो प्रयोग त्यांनीही एकदा केला. हाफटाइमला कॅप्टनला टच लाइनवर गाठून हातवारे सुरू केले. पण कॅप्टन पडला त्यांच्याच मेव्हण्याचा पोरगा. तो म्हणाला, "मामा, आधी गेल्या साली कबूल केलेले बूट द्या, मग बोला." आवाज शेवटच्या पायरीपर्यंत आला.

आणि एवढा तोंडाळ माणूस देणगीदार आला की कसा होतो, ते बघण्यासारखं असतं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे मैदानात शिरतात, खुर्ची पुसली जाते. साहेब म्हणतात, त्या नऊ नंबरला बसवा. त्या दिवशीचे दोन्ही गोल नऊ नंबरचे असतात. अण्णा म्हणतात, "मी तेच म्हणायलोय सायेब." मग नऊ नंबर बाहेर आणि संघ गारद. दुसऱ्या दिवशीच्या खुलाशात दोष पंचाचा.

माझं म्हणणं अण्णांनी गप्प बसावं असं नाही. गप्प बसणारे सेक्रेटरी मी पाहिलेत. तीन-तीन वर्षं हिशेबावरही गप्प असतात. अण्णांचा हिशेब वहीत पैसा न् पैसा लिहिलेला असतो, पोराचा पाय मुरगळला तर रिक्षाचं भाडं त्यांच्याच खिशातून जातं. फक्त तोंडाची दिशा चुकते. ज्याला सुनवायचं तो खुर्चीत बसलेला, आणि ऐकायला मी.

परवा ते पुन्हा हरले, ६-०. पावणेसात वाजले, सात वाजले, फोन नाही. साडेसातला काळजी वाटून मीच लावला.

"अण्णा, प्रतिक्रिया?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "काय सांगू भावा. घाण खेळलो. गोलकीपर बदलायला पायजे हुता, म्या बदलला न्हाई. सायेबाचा भाचा हाय त्यो. लिव्ह."

इतक्या वर्षांत हरल्यावर पहिल्यांदा मी 'भावा' झालो होतो. लिहिलं. दहाच मिनिटांत फोन परत. "पत्रकारसाहेब, ते भाच्याचं काढा तेवढं. म्या असं बोललोच न्हाई."

मी काढलं नाही. आज सकाळपासून त्यांचे सात मिस्ड कॉल आहेत, आणि टेबलावर एक पाकीट येऊन पडलंय. वर मारुती आहे.