बारसं आणि दोनशे रुपये

आपल्याकडे समाजकल्याणात सुधारणा करायची म्हणजे आधी बारसं घालायचं. 2009 साली आलेली एकात्मिक बाल संरक्षण योजना 2021 मध्ये 'मिशन वात्सल्य' झाली. 1975ची बालविकास योजना आता 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0' या नावानं वावरते. (अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याचं 2.0 कधी, ते विचारू नका.) काही नाही तरी फलक रंगवणाऱ्याची चूल पेटते.

एका आकड्याला मात्र नजर लागू नये म्हणून कुणी हात लावत नाही. गरीब म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा 1995 साली 75 रुपये होता. 2006 मध्ये 200 झाला, तो झालाच. 80 वर्षं गाठलीत तर 500. म्हणजे वाढ हवी असेल तर आधी जगून दाखवा. महाराष्ट्र पदरची भर घालून 1500 देतो, म्हणून निभतं.

आमच्या शेजारच्या आजी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला तालुक्याला जातात. यंदा यंत्रावर अंगठा उमटेना. जन्मभर भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे? आजींनी पदरानं बोट पुसलं, पुन्हा टेकवलं.

"आजी, तुम्ही दिसत नाही यात."

"अरे, बसलेय की तुझ्यासमोर!"

"मला दिसताय हो. सर्व्हरला दिसत नाही. सोमवारी या."

"येते," आजी म्हणाल्या, "तोवर त्याला सांग, मेले नाहीये."