मुलाचा शोध आणि टेबलफॅनचे स्क्रू

अणुयुद्ध होऊन गेलंय. बॉस्टनची राखरांगोळी झालीय. तुमच्या डोळ्यांदेखत कुणीतरी तुमच्या बायकोला गोळी घातली आणि तान्हं पोर पळवून नेलं. अशा वेळी माणसाने काय करावं? ‘फॉलआउट 4’ खेळणारा माणूस समोरचा मोडका टेबलफॅन उचलतो. कारण त्यात स्क्रू असतात.

बेथेस्डाचा हा खेळ 2015च्या नोव्हेंबरात आला. 23 ऑक्टोबर 2077 रोजी बॉम्ब पडतात, आपण जमिनीखालच्या ‘व्हॉल्ट 111’मध्ये गोठवले जातो आणि 2287 साली जागे होतो. बाहेर आलो की सगळं मैदान मोकळं, पाय नेतील तिकडे जावं. खेळाचं सगळ्यात जास्त कौतुक या मोकळेपणाचंच होतं आणि खोटही नेमकी तिथेच आहे. कथा ओरडते, ‘धाव, पोर वाचव!’ नकाशा म्हणतो, ‘जाशील रे, आधी त्या कारखान्यात काय आहे ते तर बघ.’

मी दरवेळी नकाशाचं ऐकतो. इथली कुठलीही अडगळ मोडली की तिचं पोलाद, तांबं, काच, स्क्रू असं काहीबाही सुटं होतं आणि त्यातूनच बंदुकीला दुर्बीण मिळते, घराला भिंत मिळते. श्रीखंडाचे रिकामे डबे ‘लागतील कधीतरी’ म्हणून माळ्यावर रचणाऱ्या घरात मी वाढलो. ते ‘कधीतरी’ म्हणजे 2287 साल, हे मला आत्ता कळलं. सगळ्यात जास्त तंगी गोंदाची. डक्ट टेप मिळेनाशी झाली की मका, टॅटो आणि मटफ्रूट प्रत्येकी तीन नि एक शुद्ध पाणी, एवढा ऐवज चुलीवर चढवून चक्क खळ शिजवायची. म्हणजे राक्षसी म्युटंटांना लोळवणारा वीर संध्याकाळी मका लावत बसतो. वजनाची मर्यादा ओलांडली की पळता येत नाही, नकाशावर बोट ठेवून झटकन दुसऱ्या गावीही जाता येत नाही. मग दहा-बारा पंखे पाठीवर घेऊन तो वीर उद्ध्वस्त बॉस्टनमधून रमतगमत चालत राहतो.

आई हे सगळं मालिकेसारखं बघते. “अरे, सापडलं का त्याचं पोर?”

“नाही गं, गोंद शोधतोय.”

“बाप आहे की कोण हा!”

(खेळ जुना झालाय, तेव्हा रहस्य फोडायला हरकत नाही. मुलगा सापडतो, पण साठीचा. शिवाय शत्रुपक्षाच्या संस्थेचा प्रमुख म्हणून. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मग घाई कसली होती एवढी?” या कथेची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.)

संवादांबद्दल मात्र मला खरोखर राग आहे. याच मालिकेतल्या, ऑब्सिडियनने 2010मध्ये केलेल्या ‘न्यू वेगस’मध्ये शेवटच्या रणांगणावर समोरच्या सेनापतीला नुसत्या बोलण्याने माघारी धाडता येई. इथे चार बटणं आणि बहुतेक वेळा चार उत्तरं: हो; वैतागून हो; थट्टेत हो; आणि आत्ता नाही, म्हणजे उद्या हो. या अगतिकतेचा मूर्तिमंत लाभार्थी म्हणजे प्रेस्टन गार्वी. ‘मिनिटमेन’ या स्वयंसेवक दलात उरलेला हा एकटाच शिपाई. पहिल्या ओळखीनंतर थोड्याच वेळात तो आपल्याला जनरल करतो आणि त्यानंतर कामं मात्र तोच सांगतो. अमुक वस्तीवर दरोडेखोर आलेत, जाऊन या. आलो, तर तमुक वस्तीवर पिशाच्चं. ही कामं यंत्र आपोआप तयार करत राहतं, त्यामुळे संपायचा प्रश्नच नाही. आपण इतक्या प्रेमाने बांधलेल्या वस्तीत गेलं, तर दोन डोक्यांची गाय घराच्या छपरावर उभी. ती तिथे का, कशी, हे बेथेस्डालाच ठाऊक.

पण मुख्य रस्ता सोडून गल्लीत शिरलं की हाच खेळ बहार आणतो. फेनवे पार्क या खऱ्याखुऱ्या बेसबॉल मैदानात आता ‘डायमंड सिटी’ वसलीय. तिथला मो क्रोनिन बॅटी विकतो आणि ठामपणे सांगतो, की बेसबॉल म्हणजे एका संघाने दुसऱ्याला बॅटीने मरेस्तोवर बडवायचा खेळ. इतिहासाचं असं छातीठोक कथन ऐकायला 2287पर्यंत थांबावं लागत नाही, हा भाग वेगळा. त्याहून थोर म्हणजे ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’. 1797 साली पाण्यात उतरलेली ही युद्धनौका आजही बॉस्टनच्या बंदरात आहे. खेळात ती एका इमारतीवर अडकलीय. तिचा यंत्रमानव कप्तान आयर्नसाइड्स तिला समुद्रात परत न्यायचं म्हणून रॉकेटं लावून बसलाय. आपण खपून सगळी जुळणी करून देतो. जहाज गर्जना करत उडतं आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या इमारतीत जाऊन रुततं. कप्तान मात्र प्रगतीवर खूश. एवढा एक प्रसंग मुलाच्या सगळ्या शोधाला भारी पडतो.

तेव्हा माझं मत असं: गोष्टीसाठी खेळायचं तर ‘न्यू वेगस’ घ्या, भटकायचं आणि भंगार जमवायचं तर हाच. सेल लागला की घ्या. फक्त सुरुवातीला कॉनकॉर्ड गावात संग्रहालयाच्या सज्जातून एक टोपीवाला मदतीसाठी हाक मारील. तो प्रेस्टन. ओ देऊ नका.